ओट्यावरील चुका

सोमवार, २ जून १९७५

आज नाशकात बिऱ्हाड हलवले. बिऱ्हाड म्हणजे एक ट्रंक, एक वळकटी, स्टोव्ह आणि पुस्तकांची तीन खोकी. सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाजवळ याहून जास्त सामान असू नये. मनमाडची गाडी पस्तीस मिनिटे उशिरा सुटली, तरी मन प्रसन्न आहे. उद्यापासून इथल्या एका छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून रुजू होतो. भेटीच्या वेळी मालकाने शिक्षण विचारले. चौथी पास, असे सांगितले आणि त्याच्याच टेबलावरच्या, त्यानेच छापलेल्या कॅलेंडरात तीन चुका दाखवल्या. मग त्याने शिक्षणाचा विषय काढला नाही.

खोली हौद गल्लीत, वरच्या मजल्यावर. घरमालकीण यशोदाबाई दहा बाय बारा म्हणाल्या होत्या. फूटपट्टीने मोजली तर साडेनऊ बाय अकरा भरली. तसे सांगितल्यावर म्हणाल्या, रंगनाथराव, खोली काय अंगात घालून फिरणार आहात का. बाई अडाणी आहेत, पण चहा चांगला करतात. गल्लीकडे सज्जा आहे, उजेड उत्तम, गंगेवरचा (इथे गोदावरीला गंगाच म्हणतात) वारा थेट येतो. समोरच्या घराला लांबलचक दगडी ओटा आहे. संध्याकाळी त्यावर बरीच माणसे ओरडत होती. कशाबद्दल, ते अजून कळले नाही.

गुरुवार, ५ जून

ओट्याचा उलगडा झाला. घर निवृत्ती नावाच्या सायकलदुरुस्तीवाल्याचे. रोज संध्याकाळी सातला त्याची बायको सुलाबाई रेडिओ खिडकीत आणून ठेवते, आवाज पूर्ण मोठा करते, आणि गल्लीतले सहा पुरुष ओट्यावर बसून बातम्या ऐकतात. जागा ठरलेल्या. बसून बसून दगडाला खळगे पडले आहेत. बातम्या दहा मिनिटे, त्यांवर भाष्य दीड तास. भाष्य मुख्यतः निवृत्तीचे. पन्नाशीचा माणूस, कोपरापर्यंत ग्रीस, आवाज असा की पलीकडच्या गल्लीतला माणूसही अडाणी व्हावा.

आज तो म्हणाला, गेल्या वर्षीचा रेल्वेचा संप महिनाभर चालला. मी तेव्हा मनमाडलाच होतो. ८ मे ते २७ मे, दोन्ही दिवस धरून वीस. सज्जातून तसे सांगितले. सगळे वर बघून हसले. निवृत्ती म्हणाला, वरून बोललेलं आम्ही धरत नाय, साहेब. कुणाची चूक काढायची तर खाली यायचं, दगडावर बसायचं, मग बोलायचं. माझ्या आज्यापासूनचा नियम आहे. माझ्यासाठी त्याने सातवी जागाही दाखवली. पायरीवर.

पायरीवर बसून सायकलवाल्याशी वाद घालायला मी नाशकात आलेलो नाही. त्याऐवजी याच वहीच्या मागच्या पानांवर ‘ओट्यावरील चुका’ असे सदर उघडले आहे. रोज सातला सज्जात खुर्ची टाकायची. तारीख, वेळ, कोण बोलला, शब्दशः काय बोलला, आणि बरोबर काय.

गुरुवार, १२ जून

अलाहाबाद न्यायालयाचा निकाल लागला, पंतप्रधानांची निवडणूक रद्द झाली, आणि ओट्यावर जत्रा भरली. सहाची चौदा माणसे. निवृत्तीने निवडणूक १९७० साली घातली (७१). न्यायालयाचे नाव दोनदा चुकवले. एका तासात एकूण अकरा चुका. पानाच्या गादीवाला भिकन हा या मंडळींचा विदूषक. तो सज्जाकडे बोट दाखवून म्हणाला, निवृत्तीभाऊ, जपून, वरचं कोर्ट बसलंय, अपील तिकडं. यावर ती चौदा माणसे पोट धरून हसली. विनोदाची पातळी नोंदवण्यापुरतेच हे लिहिले.

सहांत एकच माणूस माझ्या सदरात नाही. पुंजाराम. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात पाळीवर असतो, अगदी कडेला बसतो, ऐकतो आणि उठून जातो. त्याच्या नावावर एकही चूक नाही, कारण तो बोलतच नाही.

गुरुवार, २६ जून

सकाळी रेडिओवर आणीबाणीची घोषणा झाली. छापखान्यात मालकाने लगेच पंतप्रधानांचा फोटो शोधायला माणूस पाठवला.

संध्याकाळी सातला ओटा. रेडिओचा आवाज निम्मा. सहाही जण आले, बातम्या संपल्या, आणि परवापर्यंत राज्य उलथवायला निघालेले हे वीर लासलगावच्या कांद्याच्या आवकेवर बोलू लागले. तीही चूक. भिकनने सज्जाकडे बघितले नाही.

बुधवार, २ जुलै

सहा दिवसांत गल्ली ओळखू येईनाशी झाली. माणसे वर्तमानपत्र मथळा आत घालून घडी करतात. नळावर बायका मुलांच्या मार्कांखेरीज काही बोलत नाहीत. नमस्कार मात्र पूर्वीपेक्षा मोठ्याने घालतात. भिकनने गादीवर ‘कमी बोला, जास्त काम करा’ अशी पाटी लावली. सबंध जन्मात त्याने यांतले एकही केलेले नाही.

ओट्यावर चारच. बातम्या झाल्यावर निवृत्ती एकदम म्हणाला, झालं, आता साठ कोटी लोकांनी हाताची घडी, तोंडावर बोट करून बसायचं. (शिरगणतीप्रमाणे चोपन्न कोटी ऐंशी लाख.) भिकनला गादी उघडी राहिल्याची आठवण झाली. दुसऱ्याला पोटात दुखू लागले. पुंजाराम तेवढा शेवटपर्यंत बसला, मग तोही गेला. हीच ती चौदा जणांची गर्दी. यांच्या धैर्याला मोजायला माझी फूटपट्टी फार मोठी आहे.

मंगळवार, ८ जुलै

आज माझ्या कामाची कदर करणारा माणूस भेटला.

सकाळी सव्वाअकराला बुशशर्टातला एक गृहस्थ छापखान्यात आला. मालक उभा राहिला तो बसेचना. सरकारविरुद्धची पत्रके इथे छापली जातात का, अशी चौकशी झाली, मग गृहस्थ माझ्या टेबलापाशी आला. हौद गल्लीत राहता ना, म्हणाला. तुमच्यासारखा काटेकोर माणूस नाशकात दुसरा नाही असं ऐकतो. एक टाइप केलेला कागद पुढे ठेवला, नुसता वाचून बघा म्हणाला. कागदावर असे: मंगळवार १ जुलै रोजी हौद गल्लीतील ओट्यावर पुंजाराम याने, पन्नास कोटी लोकांनी तोंडावर बोट ठेवावे, असे उद्गार काढले.

एका वाक्यात चार चुका. मी म्हणालो, हे कोणी लिहिले. वार मंगळवार नव्हे, बुधवार. तारीख दोन. पन्नास कोटी नव्हे, साठ म्हणाला. तेही चूक, पण म्हणाला साठच. आणि पुंजाराम नव्हे, निवृत्ती. पुंजाराम तोंड उघडत नाही. पेन्सिलीने समासात चारही दुरुस्त्या केल्या, मुद्रितावर करतो तशा, खुणांसकट. गृहस्थाने कागद नीट घडी करून खिशात ठेवला. म्हणाला, अशी माणसं पाहिजेत.

संध्याकाळी ओट्यावर निवृत्ती एकटाच. रेडिओ लावलेला नव्हता. बराच वेळ बसला, मग वर बघून म्हणाला, खाली या की रंगनाथराव. एकटा किती बोलू. मी पुस्तक वाचत होतो.

गुरुवार, १० जुलै

पहाटे पावणेसहाला जीप. निवृत्तीला नेले. दोन प्रश्न विचारून सोडतो म्हणाले. त्याला चप्पल घालू दिली, चष्मा घेऊ दिला. सुलाबाई जीपमागे हौदापर्यंत धावली. गल्लीतली सगळी दारे बंद होती आणि प्रत्येक दारामागे माणूस उभा होता, हे मी खात्रीने सांगतो, कारण दारांखालच्या फटींत पाय दिसत होते.

माझा संबंध नाही. मी नाव दिलेले नाही. चुकीचे नाव कागदावर आधीच होते; मी दुरुस्त केले. दोन्हींत फरक आहे, तो समजण्याइतकी अक्कल या गल्लीत कुणाला नाही.

बुधवार, १६ जुलै

निवृत्तीला कुठे ठेवले आहे, कोणी सांगत नाही. सुलाबाई चार कचेऱ्यांतून हात हलवत परत आली.

गल्लीने मात्र आपला तपास पुरा केला. यशोदाबाई चहा देताना कुजबुजल्या, पुंजारामानं सांगितलं. पुरावा काय, असे विचारले. तर म्हणाल्या, तो सरकारी नोकरीत, आणि एकटाच कधी बोलायचा नाही. जो बोलत नाही तोच सांगतो. हे यांचे तर्कशास्त्र. आज नळावर पुंजारामच्या बायकोचा, फुलाबाईचा, हंडा रांगेतून पायाने बाहेर ढकलला. ती मुकाट्याने शेवटी जाऊन उभी राहिली. तिचा नंबर येईपर्यंत पाणी गेले.

चूक आहे. पण माझ्याकडे दुरुस्तीला आलेली नाही.

गुरुवार, २४ जुलै

आज एक विचित्र गोष्ट घडली, ती क्रमाने लिहितो.

सातला समोरच्या खिडकीतून रेडिओ ऐकू आला. पूर्ण मोठा. मग निवृत्तीचा आवाज. गेल्या वर्षीचा रेल्वेचा संप महिनाभर चालला, असे म्हणाला. सुटला वाटते, म्हणून सज्जात गेलो. ओटा रिकामा. खिडकी बंद, दाराला बाहेरून कडी. सुलाबाई माहेरी गेलेली आहे. आवाज चालूच: वरून बोललेलं आम्ही धरत नाय, साहेब.

अजून पुरता उजेड होता. मी झोपेत नव्हतो. चष्मा पुसून पुन्हा पाहिले.

शुक्रवार, २५ जुलै

आजही. वही काढून ताडून पाहिले. काल ५ जूनचे बोलणे झाले, आज ६ जूनचे. शब्दन्शब्द. निवृत्ती जिथे खोकला म्हणून मी कंसात लिहिले आहे, तिथे खोकला.

ओटा माझी वही वाचतो आहे.

गुरुवार, ३१ जुलै

१२ जूनची पाळी. चौदा माणसांचे हसणे रिकाम्या दगडावरून आले. वरचं कोर्ट बसलंय, हे भिकनच्या आवाजात आले. त्याच क्षणी भिकन मला गादीवर समोर दिसत होता. ओठ मिटलेले, हातातले पान तसेच, चेहरा चुन्यासारखा.

म्हणजे त्यालाही ऐकू येते.

मग दारांकडे पाहिले. गल्लीतले प्रत्येक दार चार बोटे उघडे होते. सगळी सारखीच, चार बोटे. यशोदाबाईंना विचारले. त्या तांदूळ निवडत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, आम्ही काही ऐकत नाही. तुम्हीपण ऐकू नका.

बुधवार, ६ ऑगस्ट

भिकनला शौर्य सुचले. सातला गादी सोडून ओट्यापाशी आला, चार बोटे उघड्या दारांना ऐकू जाईल असे म्हणाला, दगड कधी बोलतो का रे, आणि आपल्या जुन्या खळग्यात जाऊन बसला. मी सज्जातून पाहत होतो. सुमारे दोन मिनिटे काही नाही. मग त्याचा डावा हात छातीवर आडवा आला. मग उजवा वर उचलला गेला, कुणी मनगट धरून उचलावा तसा, आणि बोट ओठांवर येऊन टेकले.

घरच्यांनी उचलून नेला. बोट निघत नाही. दूध वाटीने कडेकडेने पाजतात.

असल्या गावठी भुताटकीवर माझा विश्वास नाही. पाहिले तेवढे लिहिले.

गुरुवार, १४ ऑगस्ट

२६ जूनचे कांदे. निम्म्या आवाजात.

हिशोब केला. प्रत्येक दिवसाचे बोलणे एकोणपन्नास दिवसांनी परत येते, बरोबर सात आठवडे. म्हणून वारही जुळतात. साठ कोटींचे वाक्य येत्या बुधवारी. त्यानंतरच्या मंगळवारी, २६ ऑगस्टला, ८ जुलै.

मागची पाने जाळायला काढली. स्टोव्ह पेटवला. पान उलटून पाहिले. एकाही पानावर खाडाखोड नाही. इतके स्वच्छ काम मी आयुष्यात केलेले नाही. जाळवेना.

बुधवार, २० ऑगस्ट

निवृत्तीचे कपडे आले. घडी करून, सुतळीने बांधून. वर चष्मा. कुठून आले त्याची चिठ्ठी नाही. माणसाबद्दल एक अक्षर नाही. परत आलेल्या सुलाबाईने गाठोडे उघडले नाही. मांडीवर घेऊन दारात बसली, आणि बरोबर सातला तिच्या पाठीमागून ते वाक्य आले. साठ कोटी. हाताची घडी.

ती उठून गल्लीच्या मध्यभागी आली आणि शांतपणे म्हणाली, ज्यानं सांगितलं त्याला या दगडावर बसलेला बघितल्याबिगर मी मरायची नाय.

सगळी दारे चार बोटे उघडी होती. सगळ्यांनी पुंजारामच्या दाराकडे पाहिले.

शनिवार, २३ ऑगस्ट

पुंजाराम वर आला. पहिल्यांदाच. गालफडे बसली आहेत. जिन्याला धरून उभा राहिला, आत ये म्हटले तरी आला नाही. म्हणाला, दादा, तुम्ही सगळं लिहिता असं ऐकतो. माझं नाव तुमच्या वहीत कुठंच नसंल. तेवढं गल्लीला दाखवा. ते मला त्या दगडावर बसवणार आहेत. फुलाबाईला पाचवा महिना चालू आहे.

वही खाजगी आहे, असे सांगितले.

तो म्हणाला, एक पान दाखवा. कुठलं पण.

८ जुलैचे पान डोळ्यांपुढे आले. नाही म्हणालो. तो खाली गेला. पायऱ्या चौदा, तेरावीवर थांबला, मग शेवटची उतरला.

सोमवार, २५ ऑगस्ट

ठरले. उद्या सातला पुंजारामला बसवायचे. घरोघर निरोप गेला. मलाही सांगायला आले, जणू सत्यनारायण आहे—

भिकनचे बोट ओठात रुतले आहे म्हणतात.

बुशशर्टातल्या गृहस्थाच्या कागदावर पुंजारामच होता. मी हात लावला नसता तर—तर निवृत्ती इथे असता, पुंजाराम नसता. लावला म्हणून निवृत्ती गेला, आणि आता पुंजारामही. म्हणजे दुरुस्ती करून चूक तशीच राहिली. असे कसे होते. चार वेळा ताडून पाहिले.

मंगळवार, २६ ऑगस्ट

पावणेसात. पुंजारामला आणले. कुणी हात धरलेला नाही. मधे मोकळी जागा ठेवून सगळे भोवती चालत आले, त्याला ओट्यापाशी सोडून आपापल्या दारांआड गेले. फुलाबाई हौदापाशी.

सात. रेडिओ नाही. त्या दिवशीही नव्हता. बराच वेळ काही नाही. मग—

खाली या की रंगनाथराव. एकटा किती बोलू.

वहीतल्याप्रमाणे. आता संपायला हवे. माझ्या वहीत त्या दिवसाचे पुढे काही नाही—

पुढे बोलतो आहे. वहीत नसलेले. विचारतो, कोणी सांगितलं.

दारांमधून उत्तर येते. सगळ्या दारांतून, हळू, एकत्र: पुंजाराम.

पुन्हा विचारतो. पुन्हा पुंजाराम. सुलाबाईही. यशोदाबाई माझ्या खालूनच. पुंजाराम दगडाला हात लावतो आहे—

चूक.

सज्जातून ओरडलो, चूक आहे. कुणी वर पाहिले नाही. वरून बोललेले धरत नाहीत.

इतकी साधी चूक. एक नाव. एवढी माणसे, आणि एकालाही—

वही घेऊन जातो.

—

खाली. पायरीवर बसून लिहितो आहे. सातवी जागा. पुंजारामला बाजूला हो म्हटले. तो बायकोकडे गेला. पाहिले. गेला.

दगड ऊन आहे. नुकतेच कुणी उठल्यासारखा.

मोठ्याने वाचून दाखवले. मंगळवार ८ जुलै, सव्वाअकरा, छापखाना, पेन्सिल. चार दुरुस्त्या. चौथी नावाची. केली ती मी, रंगनाथ खैरनार.

दारे उघडतात. चार बोटे. वीत. पूर्ण.

सुलाबाई उंबऱ्यावर येऊन उभी राहते—

डावा हात छातीवर आला आहे. मी आणला नाही. उजव्याने लिहितो आहे तोवर—

पाठीमागे निवृत्ती. अगदी कानाशी. ग्रीसचा वास. तो बोलला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या बोलण्यात एकही चूक नाही. नोंद करतो—

निवृत्ती म्हणाला की त्या संध्याकाळी मी पुस्तक वाचत नव्हतो, मी नुसता पुस्तक उघडे धरून बसलो होतो, कारण सकाळी काय केले ते मला